एकच हुसेन, दोन लिलाव आणि नाफेडचे पैसे

२०२५ मध्ये तीन महिन्यांच्या आत मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांचे दोन लिलाव झाले. पहिला १९ मार्चला न्यूयॉर्कमध्ये, दुसरा १२ जूनला मुंबईत. पहिल्या लिलावाची बातमी व्हॉट्सॲपवरसुद्धा फिरली. 'पंढरपूरला जन्मलेल्या चित्रकाराचं चित्र ११८ कोटींना' वगैरे. दुसऱ्या लिलावाची आमच्या भागात फारशी चर्चा झाली नाही. खरं तर व्हायला हवी होती. कारण त्यात शेतकऱ्यांच्या नावाने चालणाऱ्या नाफेडचे पैसे अडकले होते.

पोस्ट लांब आहे. पण हे दोन लिलाव शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय चित्रांचा बाजार नेमका कसा चालतो ते कळत नाही. म्हणून सवडीने वाचा.

पहिला लिलाव

'ग्राम यात्रा' हे चित्र १९५४ चं. लांबी जवळजवळ चौदा फूट, आणि त्यात गावातल्या जगण्याची तेरा लहान लहान दृश्यं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी तेव्हा एक डॉक्टर दिल्लीत आले होते. लिऑन एलियास व्होलोडार्स्की हे त्यांचं नाव. जन्माने युक्रेनचे, स्थायिक नॉर्वेत. त्यांनी हे चित्र विकत घेतलं १,४०० रुपयांना. हुसेन तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरण्याचे दिवस मागे पडले होते, पण मोठं नाव अजून व्हायचं होतं. डॉक्टरांनी चित्र ओस्लोला नेलं आणि पुढे तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयाला देऊन टाकलं. कितीतरी दशकं ते रुग्णालयाच्या आतल्या भिंतीवर लटकत होतं.

मार्च २०२५ मध्ये ख्रिस्टीज या लिलावगृहाने ते विकायला काढलं. अंदाज होता २५ ते ३५ लाख डॉलरचा. हातोडा पडला आणि कमिशन धरून किंमत झाली १ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत कधीच मिळाली नव्हती. पैसे डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी त्या रुग्णालयाकडे जाणार होते. ही गोष्ट चांगलीच झाली, त्याबद्दल वाद नाही.

१,४०० रुपयांचे ७१ वर्षांत ११८ कोटी. हिशेब मांडला तर वर्षाला सुमारे २१ टक्के चक्रवाढ. हा आकडा ऐकला की कुणाच्याही डोक्यात येणारच की आपणही एखादं चित्र घेऊन ठेवायला हवं होतं.

आता दुसरा लिलाव बघू.

दुसरा लिलाव

२००४ मध्ये एक बातमी गाजली होती. मुंबईतल्या एका उद्योगसमूहाच्या मालकाने हुसेन यांच्याशी करार केला. शंभर चित्रं, शंभर कोटी रुपये. भारतात चित्रांचा एवढा मोठा सौदा त्याआधी ऐकिवात नव्हता. एका चित्राला सरसकट एक कोटी, म्हणजे होलसेलचाच भाव म्हणा. त्यातली २५ चित्रं हुसेन यांनी रंगवून दिली. बाकीची ७५ झालीच नाहीत.

पुढे २००६ मध्ये या समूहाच्या मागे सीबीआय लागली. आरोप असा होता की समूहाने नाफेडकडून २३६ कोटींचं कर्ज उचललं आणि त्यातले सुमारे दीडशे कोटी भलतीकडे वळवले. खरंखोटं ठरवणं न्यायालयाचं काम, मी निकाल देत नाही. पण कर्जाची वसुली बाकी होती हे खरं. २००८ मध्ये लवादाने नाफेडला शंभर कोटींच्या मालमत्तेवर टाच आणायची परवानगी दिली. त्या मालमत्तेत ही २५ चित्रं होती.

नाफेड म्हणजे काय हे नाशिक-नगरच्या कांदा उत्पादकाला सांगायची गरज नाही. १९५८ मध्ये गांधीजयंतीला स्थापन झालेली, शेतमालाच्या विक्रीसाठी सहकारी संस्थांनी मिळून उभी केलेली देशपातळीची संस्था. भाव पडले की 'नाफेडने खरेदी सुरू करावी' म्हणून रास्ता रोको होतो ना, तीच ही नाफेड. दोन हजारच्या दशकात या संस्थेने शेतमाल सोडून खाजगी कंपन्यांबरोबर भलत्याच धंद्यांत पैसे घातले आणि ते बुडीत गेले. त्या खड्ड्यातून ती बाहेर यायला कितीतरी वर्षं गेली. त्याच खड्ड्याच्या एका कोपऱ्यात हुसेन यांची ही २५ चित्रं होती. सतरा वर्षं तिजोरीत. ना कुणी बघितली, ना कुणाला दाखवली.

२०२५ च्या सुरुवातीला न्यायालयाने वाट मोकळी केली आणि जूनमध्ये पंडोल या लिलावगृहाने मुंबईत ती विकली. पंचवीसच्या पंचवीस गेली. मिळून साधारण ६८ कोटी. बातम्यांचा सूर असा, की घवघवीत यश!

थोडा कागद-पेन्सिलीचा हिशेब

करारातल्या भावाने या २५ चित्रांची २००४ ची किंमत २५ कोटी. एकवीस वर्षांनी ६८ कोटी. म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास वाढ. आमच्या तालुक्यातली पतसंस्थासुद्धा यापेक्षा जास्त व्याजाचा बोर्ड लावते. (पैसे परत मिळतात का तो वेगळा विषय.) तेच २५ कोटी सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत असते तर शंभर कोटींच्या वर गेले असते. आणि सोनं? २००४ मध्ये दहा ग्रॅम सहा हजारांच्या आतबाहेर होतं. जून २०२५ मध्ये ते लाखाला टेकलं होतं. म्हणजे सोळा पट. चित्रं तीन पटसुद्धा झाली नाहीत.

तेही कुणा नवख्याची चित्रं नव्हेत, देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध चित्रकाराची. आणि त्याच चित्रकाराच्या दुसऱ्या चित्राने विक्रम केला त्याच वर्षी.

२३६ कोटींच्या कर्जापुढे हे ६८ कोटी मुद्दलाचा तिसरा हिस्सासुद्धा होत नाहीत. व्याज तर सोडाच.

मग चित्रांची किंमत वाढते, ती खोटी का? खोटी नाही. पण आपल्यापर्यंत पोहोचते ती फक्त 'ग्राम यात्रा'ची गोष्ट. लॉटरी लागलेल्याचा फोटो पेपरात येतो, तिकीट फाडून टाकणाऱ्यांचा येत नाही, त्यातलाच हा प्रकार. जी चित्रं लिलावात विकलीच जात नाहीत, ज्यांचे भाव दहा वर्षांत निम्मे होतात, त्यांची बातमी होत नाही. १९४७ मध्ये मुंबईत ज्या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्यात हुसेन, रझा आणि सूझा यांच्याबरोबर आरा, गाडे आणि बाकरे हेही होते. पहिल्या तिघांची नावं लिलावाच्या मथळ्यांत दिसतात. उरलेल्या तिघांची तुम्ही शेवटची कधी वाचली? हरी अंबादास गाडे विदर्भातले. सदानंद बाकरे विलायतेहून परतून कोकणात मुरूडला राहिले. बाजाराने निवड केली आणि ते मागे राहिले. त्यांचं काम कमी प्रतीचं होतं म्हणून, असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

भाव ठरतो कसा

लिलाव आम्हा लोकांना नवा नाही. बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो तेव्हा ट्रॉली समोर असते, शेतकरी ट्रॉलीजवळ उभा असतो आणि व्यापारी तोंडाने बोली बोलतात. कुणी घेतला, काय भावाने घेतला, सगळ्यांच्या कानावर पडतं. हिशेबपट्टीवर लिहिलंही जातं. तिथेही व्यापाऱ्यांची आपसात मिलीभगत असते, तक्रारी असतात, सगळं मान्य. पण निदान माल कुणाचा आणि घेणारा कोण, हे तरी उघड असतं.

चित्रांच्या लिलावात विकणारा बहुतेक वेळा पडद्याआड असतो. घेणारा फोनवर असतो आणि त्याचंही नाव येत नाही. ज्या किमतीखाली चित्र द्यायचं नाही ती राखीव किंमत गुप्त असते. त्या किमतीपर्यंत लिलाव करणारा विकणाऱ्याच्या वतीने स्वतःच बोली वाढवत नेऊ शकतो आणि त्या धंद्यात ते नियमाला धरून आहे. काही वेळा लिलावाच्या आधीच कुणीतरी ठराविक रकमेची हमी दिलेली असते. त्यामुळे चित्र पडणार नाही हे आधीच ठरलेलं असतं. समोर टाळ्या वाजतात त्या या सगळ्यानंतर.

आणि हे आजचं नाही. १९८७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तेव्हा व्हॅन गॉगचं 'आयरिसेस' हे चित्र सदबीज या लिलावगृहात ५ कोटी ३९ लाख डॉलरला गेलं. तोवरचा जागतिक विक्रम. शेअर पडले तरी कला पडत नाही, असं जगाने म्हटलं. घेणारे होते ऑस्ट्रेलियातले उद्योगपती ॲलन बाँड. दोन वर्षांनी बाहेर आलं की त्या रकमेतली जवळपास अर्धी रक्कम सदबीजनेच त्यांना उसनी दिली होती, तेच चित्र तारण धरून. बाँड यांना पैसे भरता आले नाहीत आणि १९९० मध्ये चित्र अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाकडे गेलं. पण मधल्या काळात त्या विक्रमाकडे बघून जगभर इतर चित्रांचे भाव चढले ते चढलेच. दुकानदारानेच गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे घालायचे आणि मग 'बघा किती भाव आला' म्हणायचं, असा तो प्रकार.

पुढे सदबीज आणि ख्रिस्टीज या दोन मोठ्या घरांनी नव्वदच्या दशकात कमिशनचे दर आपसात ठरवून घेतल्याचं उघड झालं. गिऱ्हाइकांना दोघांनी मिळून ५१ कोटी २० लाख डॉलर भरपाई द्यायचं कबूल केलं आणि सदबीजचे अध्यक्ष राहिलेले आल्फ्रेड टॉबमन तुरुंगात गेले. जगातला सगळ्यात प्रतिष्ठित समजला जाणारा लिलाव तो हा.

आपल्याकडची लाट

भारतात भावांची लाट आली ती २००२ नंतर. त्या वर्षी तैयब मेहता यांचं 'सेलिब्रेशन' न्यूयॉर्कमध्ये तीन लाख डॉलरच्या वर गेलं, म्हणजे दीड कोटी रुपये. २००५ मध्ये त्यांच्याच 'महिषासुर'ने दहा लाख डॉलरची रेषा ओलांडली. मग काय, अमेरिकेत डॉलर कमावलेले, शेअर बाजारात पैसे झालेले, बिल्डर, सगळे धावले. फंड निघाले. ओशियान्स या संस्थेने २००६ मध्ये आर्ट फंड काढून शंभर कोटींहून जास्त रक्कम गोळा केली. मुदत तीन वर्षांची. कल्पना सोपी होती. तुमच्या पैशातून आम्ही चित्रं घेतो, भाव वाढले की विकतो, नफा वाटून घेऊ.

२००८ मध्ये जगाचा बाजार पडला आणि चित्रांना गिऱ्हाईक उरलं नाही. इथे एक गोष्ट समजून घ्या. कांदा पडला तरी कुणीतरी पाच रुपये किलोने नेतो. शेअर पडला तरी स्क्रीनवर भाव दिसतो. चित्राला गिऱ्हाईक नसलं की भावच नसतो. कागदावर पाच कोटी आणि हातात शून्य. ओशियान्सच्या फंडाची मुदत संपली तरी गुंतवणूकदारांचे पैसे वेळेत परत गेले नाहीत. सेबीने २००८ मध्येच बजावलं होतं की असे फंड सामूहिक गुंतवणूक योजनेच्या कायद्यात येतात आणि नोंदणीशिवाय चालवता येणार नाहीत. पुढे २०१३ मध्ये या फंडाविरुद्ध आदेशही निघाला. तोवर लोकांचे पैसे अडकायचे ते अडकले होते.

मग आलं नीरव मोदी प्रकरण. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या एका शाखेतून तेरा हजार कोटींच्या वर रक्कम गेल्याचं उघड झालं, तेव्हा घरझडतीत हिऱ्यांबरोबर चित्रंही सापडली. मार्च २०१९ मध्ये आयकर खात्याच्या वतीने त्यातल्या चित्रांचा लिलाव मुंबईत झाला. सुमारे ५५ कोटी आले. त्यात एकटं गायतोंडे यांचं चित्र सव्वापंचवीस कोटींचं आणि राजा रविवर्मा यांचं एक सोळा कोटींचं. बातम्यांचा सूर पुन्हा तोच. विक्रम, घवघवीत यश, भारतीय कलेला सुगीचे दिवस.

सार्वजनिक बँकेचा तोटा एका बाजूला आणि कलेची सुगी दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही एकाच बातमीत. हे विचित्र आहे असं कुणाला वाटलं का?

श्रीमंताने चित्र घ्यावं, त्याची हौस. माझं दुखणं ते नाही. दुखणं हे आहे की कर्जाचा पैसा अशा वस्तूत जातो जिची किंमत कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. जमिनीला निदान रेडीरेकनर असतो, सोन्याला रोजचा भाव. चित्राची किंमत म्हणजे मागच्या वेळी कुणीतरी काय दिलं ते, आणि ते कुणी दिलं, का दिलं, हेही माहीत नाही. पैसा ठेवायला, लपवायला, फुगवून दाखवायला यापेक्षा सोयीची जागा कुठली? भिंतीवर टांगलं तर अभिरुची आणि तिजोरीत ठेवलं तर संपत्ती. आणि बुडलं की भरणार नाफेड आणि बँक. म्हणजे शेवटी कोण, ते तुम्हीच ओळखा.

आणि चित्रकार?

वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये नागपूरला जन्मले. घराणं गोव्याचं. मुंबईत गिरगावच्या चाळीत वाढले, जे. जे. त शिकले आणि १९७२ मध्ये दिल्लीला गेले. तिथे निजामुद्दीन भागात गच्चीवरच्या खोलीत राहून, वर्षाला मोजकी पाच-सहा चित्रं काढत एकट्याने आयुष्य घालवलं. २००१ मध्ये गेले. त्यांचं चित्र २३ कोटींच्या वर गेलं ते ख्रिस्टीजच्या भारतातल्या पहिल्या लिलावात, २०१३ मध्ये. २०२१ मध्ये एक जवळपास ४० कोटींना गेलं. हातोडा पडला तेव्हा ते नव्हते. पण समजा असते, तरी त्यांना काय मिळालं असतं? व्यवहारात काहीच नाही. चित्रकाराला पैसे मिळतात ते पहिल्यांदा विकतो तेव्हा. 'ग्राम यात्रा'त हुसेन यांचा वाटा त्या १,४०० रुपयांतलाच.

यातली गंमत अशी, की यावर आपल्याकडे कायदा आहे. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३ अ हे कलम आलं. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्या किमतीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला हिस्सा मागता येतो. कमाल दहा टक्के, कॉपीराइटची मुदत असेपर्यंत. जगातल्या कितीतरी देशांच्या आधी आपण हे केलं. आणि केल्यावर विसरलो. हिस्सा ठरवायचं काम ज्या यंत्रणेकडे होतं ती बदलत गेली आणि कलम पुस्तकात राहिलं. विक्रमी लिलावांच्या एवढ्या बातम्या वाचल्या, त्यातल्या एकीत तरी 'चित्रकाराच्या वारसांना अमुक हिस्सा मिळाला' असं वाक्य तुमच्या वाचनात आलंय का? माझ्या नाही.

शेतमालाचंही असंच असतं. पिकवणाऱ्याच्या हातून माल सुटल्यावर भाव चढतो आणि त्या चढलेल्या भावावर त्याचा हक्क नसतो. फक्त इथे कायद्याने हक्क दिलाय आणि तरीही तो मिळत नाही.

हे सगळं लिहायचं कारण सांगतो. चित्राचे तुकडे करून हिस्से विकण्याच्या योजना आता पुन्हा कानावर येऊ लागल्या आहेत. 'ॲसेट क्लास' हा शब्द तालुक्याच्या गावातल्या डॉक्टर आणि बिल्डर मंडळींपर्यंत पोहोचला आहे. कुणी तुमच्यासमोर 'ग्राम यात्रा'चा आकडा ठेवला, तर त्याला त्या २५ चित्रांचा आकडा विचारा. मागच्या तीन लिलावांत न विकल्या गेलेल्या चित्रांची यादी मागा. उद्या विकायचं झालं तर घेणार कोण, ते लेखी मागा.

चित्र आवडलं, परवडतं, तर जरूर घ्या. आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या जित्या चित्रकाराचं घ्या. पाच-दहा हजारांत घरी रोज बघायला काहीतरी मिळेल आणि पैसे ज्याने रंगवलं त्याच्या हातात पडतील. भाव वाढला नाही तरी तुमचं काही बुडणार नाही.

आणि पुढच्या वेळी 'इतक्या कोटींचा विक्रम' अशी बातमी आली की तीन गोष्टी शोधा. विकलं कुणी, घेतलं कुणी आणि पैसा मुळात कुणाचा होता. या तीन ओळी आमच्या पेशातल्या लोकांनी बातमीत द्यायला हव्यात. देत नसतील तर विचारा, कमेंटमध्ये विचारा, फोन करून विचारा. कांद्याच्या पट्टीवर एवढं तरी लिहिलेलं असतं.